कडू काका

बुंदीला लाथ बसली ती खाकी पँटीतली.
नेरूळ, सेक्टर दहा, पंपरूमच्या मागे,
मे महिन्यातली दुपार.
कोण होता, कुणी पाहिलं नाही.
ती एकटीच साक्षीदार,
आणि तिला चेहरा नाही, कापड आठवत होतं.

त्यानंतर ती खाकीवर भुंकायची.
रिक्षावाल्यांवर, होमगार्डवर,
हाफ पँटीतल्या चौथीच्या पोरांवर,
कुरियरवाल्याच्या खांद्यावरच्या खोक्यावर,
कठड्यावर वाळत घातलेल्या गोणपाटावरसुद्धा.
गडद असेल तर सगळं अंग पणाला लावून,
फिकट असेल तर नुसती गुरगुर,
बिस्किटी रंगाला एक कान,
पांढऱ्या लेंग्याला काहीच नाही.
भीतीलाही उतार असतो
हे मी बाल्कनीतून पाहिलं, चहा गार होईस्तोवर.

मग एजन्सीनं नवा वॉचमन धाडला.
तुळशीदास कडू, उरणकडचे,
डावी चप्पल फरफटत चालणारे.
खाकीच, अर्थात.
ते तिच्याकडे बघायचेच नाहीत.
मारी बिस्किटाचा तुकडा फरशीवर ठेवायचे
आणि रजिस्टरात गाड्यांचे नंबर लिहीत बसायचे.
दुसऱ्या दिवशी एक फरशी अलीकडे.
तिसऱ्या दिवशी आणखी एक.
बाविसाव्या दिवशी ती त्यांच्या खुर्चीखाली झोपली होती.

रिक्षावाल्यांना मात्र माफी नव्हती.
तिचा नियम मोडला नव्हता,
त्याला फक्त एक भोक पडलं होतं,
चपलेच्या आवाजाएवढं.

आमची शमी तेव्हा अडीच वर्षांची, बहिणीची मुलगी.
जेट्टीवर नेली की बगळा म्हणजे बगळा,
फ्लेमिंगो म्हणजे बगळा,
तिवरांत अडकलेली पांढरी पिशवी म्हणजे बगळा
आणि ती हललीही, खरं तर, पंखासारखी.
मी म्हटलं, नाही गं, ती पिशवी.
नाही गं, तो गुलाबी आहे ना, तो दुसरा.
एकेका ‘नाही’नं तो शब्द मी कापत आणला,
शेवटी त्यात एकच पक्षी मावला.
मला तिचा पहिला बगळा जास्त आवडायचा.

खोकल्याचं औषध कडू.
कारल्याची काचरी कडू.
आणि गेटवरचे कडू,
जे खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढतात.
हे तिला कित्येक दिवस जड गेलं.
मग एका संध्याकाळी, घसरगुंडीवरून, तिनं निकाल दिला:
“औषध कडू कडू आहे. काका गोड कडू आहे.”
कडूंना हसता हसता ठसका लागला.

माझं म्हणाल तर
रात्री दहाला शेजारच्या कुलपात किल्ली फिरते
आणि माझे खांदे वर जातात.
नौपाड्यातलं ते घर सुटून अकरा वर्षं झाली.
ते दार नाही, तो माणूस नाही,
ही किल्ली तर गोठोसकर सिस्टरांची,
दुसरी पाळी संपवून येतात,
त्यांच्या हातात मेथीची जुडी असते.
मला सगळं माहीत आहे.
खांद्यांना कुणी सांगितलेलं नाही,
आणि ते बिस्किट खात नाहीत.

दिवाळीनंतर एजन्सी बदलली. नवे गणवेश निळे.
थकलेला पगार मागायला कडू आले एकदा,
चौकटीचा शर्ट, करडी पँट, हातात केळ्यांचा फणा.
शमी माझ्या मागे लपली.
अहो, मी कडू, ते म्हणाले.
तिनं त्यांना खालून वर न्याहाळलं.
“कडू खाकी असतो,” ती म्हणाली,
आणि चिक्की घेतली नाही.

ते परत निघाले, चप्पल फरफटत.
पार्किंगमध्ये, पांढऱ्या गाडीच्या सावलीत
बुंदी गाढ झोपली होती.
डोळे मिटलेलेच.
आधी शेपटी उठली.